अटारी 2600 चं तोकडं यंत्र आणि ‘यार्स रिव्हेंज’

प्रश्न असा आला आहे: “अटारी 2600 वरचा ‘यार्स रिव्हेंज’ मी एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळलो. मधला तो चमचमणारा पट्टा प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडमधून काढलाय असं वाचलं. हे खरं आहे का, आणि तसं का केलं असेल? हा खेळ मुळात ‘स्टार कॅसल’ नावाच्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या) खेळाची घरगुती आवृत्ती होणार होता म्हणे, मग तीच का नाही केली? मी एम्बेडेड प्रोग्रामिंग शिकतोय, यातून आज मला घेण्यासारखं काही आहे का?”

पट्ट्याबद्दल जे वाचलंत ते खरं आहे. तिन्ही प्रश्नांचं मूळ मात्र एकच आहे, त्यामुळे सुरुवात यंत्रापासून करतो. मी पोटापाण्यासाठी मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या चिपवर चालणारं सॉफ्टवेअर, लिहितो आणि हौसेपोटी गेली बरीच वर्षं 2600 साठी असेंब्ली (प्रोसेसरच्या आज्ञा थेट मांडणारी भाषा) लिहितो आहे. या यंत्राचा आणि या खेळाचा माझ्या कामावर झालेला परिणाम कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा आहे, म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

टीव्हीला जोडून घरी खेळायचं, कार्ट्रिज बदलून वेगवेगळे खेळ चालवणारं हे यंत्र 1977 मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. तेव्हा त्याचं नाव व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम, म्हणजे व्हीसीएस. 2600 हे नाव पुढे रूढ झालं. आत 6507 प्रोसेसर आहे. हा 6502 या प्रोसेसरचाच भाऊ, फक्त पाय कमी असलेला, त्यामुळे त्याला मेमरीचा पत्ता सांगणाऱ्या 13 अ‍ॅड्रेस लाइन्सच मिळतात. वेग सुमारे 1.19 मेगाहर्ट्झ. कार्ट्रिजमधला जेवढा रॉम (फक्त वाचता येणारी मेमरी) एका वेळी दिसतो तो 4 केबी. आणि रॅम, म्हणजे बदलता येणारी मेमरी, 128 बाइट्स. 128 केबी नव्हे, 128 बाइट्स, आणि स्टॅकसुद्धा (प्रोसेसरची तात्पुरती टिपणं ठेवायची जागा) त्यातच बसवायचा.

आता एक हिशेब करू. पडद्यावर आडवे 160 आणि उभे 192 ठिपके धरले आणि प्रत्येक ठिपका फक्त पेटलेला की विझलेला एवढंच लक्षात ठेवायचं म्हटलं, तरी 3,840 बाइट्स लागतात. आपल्याकडे आहेत 128. म्हणजे पडद्याचं चित्र मेमरीत ठेवणं हा पर्यायच इथे नाही. आज आपण ज्याला फ्रेमबफर म्हणतो तो या यंत्रात अस्तित्वातच नाही.

मग चित्र येतं कुठून? टीआयए नावाची एक चिप आहे, तिच्या घडणीत जे मायनर यांचा मोठा वाटा होता. (पुढे अमिगा संगणकामागे हेच गृहस्थ होते.) ही चिप एका वेळी फक्त एक आडवी ओळ जाणते. तिच्याकडे 8 बिटांचे दोन ‘प्लेयर’ आहेत, दोन ‘मिसाइल’, एक ‘बॉल’ आणि 20 बिटांचं ‘प्लेफील्ड’. प्लेफील्ड पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात दिसतं आणि उजव्या अर्ध्यात तेच पुन्हा किंवा आरशातल्यासारखं उलटं उमटतं. या यादीकडे नीट पाहिलंत तर यंत्र कशासाठी बनलं होतं ते कळतं. दोन रणगाडे आणि त्यांचे दोन गोळे. दोन बॅटा आणि एक चेंडू. ‘टँक’ आणि ‘पाँग’ हे अटारीचे तेव्हाचे लोकप्रिय आर्केड खेळ घरी नेता यावेत एवढीच मूळ कल्पना होती. त्यापलीकडचं जे काही पुढची दहा-पंधरा वर्षं लोकांनी या यंत्रातून काढलं ते सगळं प्रोग्रामरांनी आपल्या डोक्याने मिळवलं आहे.

टीव्हीचा किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ आखतो, मग खालची, मग त्याखालची. एका ओळीत प्रोसेसरचे 76 ठोके (क्लॉक सायकल) बसतात. प्रत्येक ठोक्यात किरण तीन ठिपके पुढे सरकतो. ओळ आखून होत असतानाच प्रोसेसरने टीआयएच्या रजिस्टरांमध्ये (चिपमधल्या छोट्या कप्प्यांत) पुढच्या ओळीची (किंवा त्याच ओळीच्या उरलेल्या भागाची) माहिती भरायची असते. उशीर झाला तर चित्र फाटतं. अमेरिकी टीव्हीवर एका चित्रात 262 ओळी असतात. त्यातल्या 192 दिसणाऱ्या, उरलेल्या 70 पडद्याबाहेरच्या. या 70 ओळींच्या वेळात, म्हणजे सुमारे 5,300 ठोक्यांत, जॉयस्टिक वाचणं, टक्कर तपासणं, गुण मोजणं, शत्रूची चाल ठरवणं असं खेळाचं सगळं गणित उरकायचं. आणि हे सेकंदाला 60 वेळा.

वस्तूची आडवी जागा ठरवण्याची पद्धत तर नवख्याला चक्रावून टाकते. ‘क्ष इतका’ असा आकडा देण्याची सोयच नाही. पंगतीत वाढपी आपल्या पानासमोर आला की त्याच क्षणी ‘इथे’ म्हणायचं, तसं किरण हव्या त्या जागी पोचला की एका रजिस्टरला नुसतं शिवायचं. वस्तू तिथेच बसते. प्रोसेसरच्या एका ठोक्यात तीन ठिपके जात असल्याने जागा तीन-तीन ठिपक्यांच्या उडीनेच साधते, म्हणून मग शेवटचा नेमकेपणा दुसऱ्या एका रजिस्टरने सात ठिपके डावीकडे ते आठ उजवीकडे असा सरकवून आणायचा.

हे सगळं सांगण्याचं कारण तुमचा दुसरा प्रश्न. ‘स्टार कॅसल’ हा सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीचा 1980 चा आर्केड खेळ, रचनाकार टिम स्केली. मधोमध एक तोफ, तिच्याभोवती फिरणारी तीन वर्तुळाकार कडी, आणि बाहेर तुमचं यान. कडी फोडत आत वाट काढायची आणि तोफ उडवायची. मधून सुटलेले सुरुंग तुमच्या मागे लागतात. बाहेरचं कडं पूर्ण फोडलंत तर आतलं कडं सरकून त्याची जागा घेतं आणि आत नवं तयार होतं. खेळ सुंदर आहे, पण तो व्हेक्टर पडद्यावरचा आहे. व्हेक्टर पडद्यात किरण ओळीओळीने जात नाही. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ असं सांगितलं की तो थेट ओढतो. तिरकी, बारीक, फिरणारी रेघ त्याला सहज जमते. व्हीसीएसला नेमकं हेच जमत नाही. तिचं प्लेफील्ड जाड ठोकळ्यांचं, चार-चार ठिपके रुंद. त्यात एकात एक फिरणारी तीन वर्तुळं काढायची म्हणजे यंत्राच्या प्रत्येक दुबळ्या बाजूवर एकाच वेळी बोट ठेवायचं.

हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ 1981 च्या सुरुवातीला अटारीत आले. त्याआधी ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये होते. अटारीतलं पहिलंच काम हातात पडलं ते ‘स्टार कॅसल’ व्हीसीएसवर आणण्याचं. त्यांनी मूळ खेळ बारकाईने पाहिला आणि वरिष्ठांना सांगितलं की या यंत्रावर याची नक्कल वाईटच होणार. पण यातली मूळ तत्त्वं घेऊन, ती यंत्राला झेपतील अशी नव्याने मांडून मी वेगळा खेळ करू शकतो. वरिष्ठांनी मान्य केलं. नव्या माणसाचं हे म्हणणं ऐकून घेणारा तो वरिष्ठही मला कौतुकास्पद वाटतो, कारण आर्केडच्या गाजलेल्या नावावर कार्ट्रिज विकणं हा तेव्हाचा रोकडा धंदा होता.

आता बघा त्यांनी काय हलवलं. वर्तुळाच्या मध्यावरचा शत्रू उचलून पडद्याच्या उजव्या कडेला नेला. तो क्वोटाइल. तीन कड्यांऐवजी त्याच्यासमोर एकच ढाल, ठोकळ्यांची, म्हणजे प्लेफील्डला जशी हवी तशीच. यान चारी बाजूंनी फिरत होतं, त्याऐवजी यार नावाचा माशीसारखा कीटक, जो आठ दिशांना उडतो, कारण जॉयस्टिकलाही तेवढ्याच दिशा आहेत. मागे लागणारे सुरुंग जाऊन एकच क्षेपणास्त्र आलं, जे हळूहळू पण न थांबता यारचा पाठलाग करतं. आणि तोफ? ‘स्टार कॅसल’मधली तोफ शत्रूकडे होती. इथे शत्रू स्वतःच मधूनमधून भोवरा बनतो आणि तुमच्यावर झेपावतो, आणि खरी मोठी तोफ, झॉर्लन कॅनन, खेळाडूला मिळते.

हलत्या गोष्टी मोजा. यार, त्याची गोळी, क्वोटाइल, पाठलाग करणारं क्षेपणास्त्र, झॉर्लन कॅनन. पाच. यंत्रात हलत्या वस्तू किती? दोन प्लेयर, दोन मिसाइल, एक बॉल. पाच. क्वोटाइल आणि भोवरा एकाच वेळी पडद्यावर कधीच नसतात, कारण एकाचंच दुसऱ्यात रूपांतर होतं, म्हणून भोवऱ्यासाठी सहावी वस्तू लागत नाही. ढाल आणि मधला पट्टा प्लेफील्डचे. यंत्राच्या यादीतलं काहीही शिल्लक राहिलं नाही आणि काहीही कमी पडलं नाही. माझ्या दृष्टीने या खेळाचं सौंदर्य इथे आहे, आणि ते पडद्यावर दिसण्याआधी कागदावर दिसतं.

हे किती मोलाचं आहे ते कळण्यासाठी त्याच यंत्रावरचे आणखी दोन खेळ शेजारी ठेवा. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आर्केडमध्ये 55 शत्रू घेऊन आला होता. रिक मॉरर यांच्या 1980 च्या व्हीसीएस आवृत्तीत ते 36 आहेत, सहा आडव्या ओळी आणि सहा उभ्या रांगा. सहाच का? टीआयए प्रत्येक प्लेयरच्या एका ओळीत तीन प्रती फुकट काढून देते. दोन प्लेयर, तीन-तीन प्रती. शत्रूंची संख्या यंत्राच्या एका सोयीवरून ठरली, आणि त्या खेळाने व्हीसीएसची विक्री कुठल्या कुठे नेली. उलट बाजूला 1982 चा ‘पॅक-मॅन’. चार भुतं एकमेकांच्या वरखाली कुठेही येऊ शकतात, ठिपक्यांनी भरलेला चक्रव्यूह आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या वस्तू यंत्रात नाहीत. मग भुतं आळीपाळीने दाखवावी लागली आणि ती सतत लुकलुकत राहिली. तो खेळ लिहिणाऱ्यावर मी मुळीच टीका करणार नाही, त्याच्या जागी बसून ते काम केल्याशिवाय कुणी करूही नये. पण मूळ खेळाची मांडणी जशीच्या तशी उचलायची अट घातली की यंत्र कुठे ओरडतं ते तिथे दिसतं. ‘यार्स रिव्हेंज’मध्ये एकही वस्तू लुकलुकत नाही.

आता तो पट्टा.

न्यूट्रल झोन म्हणजे पडद्याच्या डाव्या-मधल्या भागातला उभा, रंगीबेरंगी, सतत सळसळणारा पट्टा. त्यात यार असताना पाठलागाचं क्षेपणास्त्र त्याचं काही बिघडवू शकत नाही, पण यारलाही तिथून गोळी झाडता येत नाही, आणि भोवरा मात्र तिथेही मारतोच. खेळाच्या दृष्टीने हा श्वास घेण्याचा थांबा आहे. दिसायला मात्र तो पडद्यावरचा सगळ्यात श्रीमंत भाग आहे, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आलेला नाही.

खर्च म्हणजे काय ते पाहा. ढालीचा प्रत्येक ठोकळा खाल्ला गेला की उरला, हे यंत्राला लक्षात ठेवावं लागतं. ते बदलत राहतं म्हणून रॅममध्येच ठेवावं लागतं, ठोकळ्यामागे एक बिट. 128 बाइट्सच्या संसारात ढालीचा वाटा म्हणूनच लक्षात येण्याइतका आहे. पट्ट्याचं तसं नाही. त्यातला कुठला ठिपका मागच्या क्षणी कसा होता याची कुणालाच गरज नाही. तो फक्त अस्वस्थ दिसायला हवा. म्हणजे दर ओळीला, दर चित्रात नवी, अनियमित दिसणारी माहिती हवी.

ती आणायची कुठून? सरळ मार्ग दोन. पहिला, दर ओळीला यादृच्छिक आकडा तयार करायचा. 6502 वर त्याची सगळ्यात स्वस्त युक्ती, म्हणजे बिट सरकवायचा आणि बाहेर पडलेला बिट एक असेल तर ठरावीक आकड्याशी एक्सॉर (ठरावीक बिट उलटे करण्याची क्रिया) करायचं, ही धरली तरी आकडा रॅममधून उचलून परत ठेवेपर्यंत अकरा-बारा ठोके जातात. ओळीत एकूण 76 आहेत. त्याच ओळीत यारचा आकार, क्वोटाइलचा आकार, ढालीचा तुकडा, पट्ट्याचा तुकडा, दोघांचे रंग, दोन मिसाइल आणि बॉल चालू-बंद असं सगळं भरायचं आहे. तक्त्यातून एक बाइट उचलून रजिस्टरमध्ये टाकायला सात ठोके धरा. नऊ रजिस्टरांचे 63 झाले, आणि यात ‘ही वस्तू या ओळीवर आहे का’ ही तपासणी अजून आलेलीच नाही. हिशेब इथेच तुटतो. म्हणूनच व्हीसीएसवर बरेच जण काम दोन ओळींत वाटून घेतात. अशा घरात कुणी आणखी बारा ठोके मागितले तर देणार कुठून?

दुसरा मार्ग, अनियमित आकड्यांचा एक तक्ता आधीच बनवून रॉममध्ये ठेवायचा. 256 बाइट्सचा तक्ता म्हणजे 4 केबीचा सोळावा हिस्सा. कार्ट्रिजमध्ये शेवटच्या आठवड्यात दहा बाइट्ससाठी जीव टाकणाऱ्या प्रोग्रामरला ही रक्कम काय वाटते ते मला माहीत आहे.

वॉरशॉ यांनी तिसरा मार्ग घेतला. अनियमित दिसणाऱ्या आकड्यांचा 4 केबीचा साठा आधीच रॉममध्ये पडलेला होता, तो म्हणजे खुद्द प्रोग्राम. त्यातलेच बाइट्स उचलून, थोडी सरमिसळ करून पडद्यावर टाकले. प्रोसेसर ज्या आज्ञा पाळून चित्र काढतोय त्याच आज्ञा चित्र म्हणून तुमच्यासमोर वाहत असतात. एक जादा बाइट नाही, आकडा तयार करण्याचे ठोके नाहीत.

याचा आणखी एक फायदा आहे, जो मला फार आवडतो. प्रोग्रामचे बाइट्स खरे यादृच्छिक नसतात. 6502 च्या कोडमध्ये काही आज्ञा पुन्हा पुन्हा येतात: झीरो पेजवर (मेमरीच्या पहिल्या 256 बाइट्सवर) साठवण्याची हेक्स 85, तिथून उचलण्याची ए5, थेट आकडा भरण्याची ए9. बिटांत लिहिलं तर 10000101, 10100101, 10101001. पेटलेला, विझलेला, पेटलेला, विझलेला. असे आकडे प्लेफील्डमध्ये टाकले की सरमिसळीनंतरही त्यांची एक वीण राहते. पूर्ण यादृच्छिक ठिपके टीव्हीवर सिग्नल गेल्यावर येणाऱ्या मुंग्यांसारखे सपाट दिसतात. हे कापडासारखं दिसतं. तुम्ही स्वतः दोन्ही करून पाहा, फरक लगेच कळेल.

 यंत्राबद्दल अजून बरंच बोलायचं आहे.

टकरीचं पाहा. टीआयएमध्ये सहा प्रकारच्या वस्तूंच्या पंधरा जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी ‘हे दोघे एकमेकांना शिवले’ अशी खूण चिप स्वतः ठेवते. प्रोसेसरला आकड्यांची तुलना करत बसावं लागत नाही. पण ही खूण ‘प्लेयर प्लेफील्डला शिवला’ एवढंच सांगते. प्लेफील्ड म्हणजे ढाल की पट्टा, आणि ढाल असेल तर कुठला ठोकळा, ते यारच्या जागेवरून शोधायचं. पट्टा आणि ढाल यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवलेली आहे आणि दोन्ही आपापल्या उभ्या पट्टीत राहतात, त्यामुळे हा शोध सोपा होतो. पडद्याची उभी विभागणी दिसायला नुसती रंगसंगतीची वाटते, पण ती गणितही वाचवते.

आवाजाचंही तसंच. टीआयएकडे आवाजाच्या दोन वाटा आहेत, पण सूर ठरवायला फक्त 5 बिट, म्हणजे 32 पायऱ्या, आणि त्या सप्तकाच्या मापाने बसवलेल्या नाहीत. या चिपवर धून वाजवायला गेलं की निम्मे स्वर बेसूर लागतात. ‘यार्स रिव्हेंज’मध्ये धून नाही. एक घुमणारा, दाबून धरलेला गुंजारव आहे, कीटकाच्या खेळाला साजेसा, आणि तो सतत असल्यामुळे मनावर ताण चढत जातो. सुरेलपणा यंत्रात नव्हता, वातावरण मात्र होतं. घेतलं ते वातावरण.

खेळाच्या रचनेबद्दल थोडं, कारण तुम्ही खेळलात तरी कदाचित पहिल्या फेरीत हे ध्यानात आलं नसेल. झॉर्लन कॅनन मिळवायला यारने ढालीचा तुकडा खावा लागतो किंवा थेट क्वोटाइलला शिवावं लागतं. म्हणजे उजवीकडे, धोक्याच्या तोंडापर्यंत जावंच लागतं. तोफ उमटते मात्र डाव्या कडेला, आणि ती सतत यारच्या उंचीवर राहते. बटण एकच. तोफ हजर असेल तर त्याच बटणाने ती सुटते. म्हणजे नेम धरायचा तर यारने स्वतः क्वोटाइलच्या ओळीत उभं राहायचं, आणि गोळा नेमका त्याच ओळीतून जाणार, मग झटकन बाजूला व्हायचं, नाहीतर आपल्याच गोळ्याने मरायचं. नेम धरणं आणि संकटात उभं राहणं ही एकच कृती आहे. जॉयस्टिकला एकच बटण होतं म्हणून असं सुचलं की सुचलं म्हणून एका बटणात भागलं, हे मी ठरवू शकत नाही, पण परिणाम अचूक आहे. काही प्रकारांत गोळा ढालीवरून उलटतो, तेव्हा तर नजर दोन्हीकडे ठेवावी लागते.

गुणांतही हाच विचार दिसतो. ठोकळा लांबून गोळीने फोडला तर 69, जवळ जाऊन खाल्ला तर 169. बसलेला क्वोटाइल 1,000, भोवरा जागेवर असताना 2,000, आणि झेपावलेला भोवरा हवेत टिपला तर 6,000 आणि वर एक जीव. जवळ जाणाऱ्याला, थांबून वाट पाहणाऱ्याला जास्त. खेळाडूला कुठे उभं करायचं आहे ते वॉरशॉ यांनी आकड्यांनी सांगितलं आहे. सराव करायचा असेल तर पहिल्यांदा गोळ्या झाडणं पूर्ण सोडा आणि फक्त खाऊन खेळा. हात लवकर बसतो.

भोवरा हवेत टिपल्यावर एक काळा डाग उरतो, त्याच्याशी यार नीट जुळवला तर वॉरशॉ यांची आद्याक्षरं सुलटी आणि उलटी पडद्यावर येतात आणि खेळ संपतो. त्या काळी अटारी कार्ट्रिजवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ खेळात आपलं नाव एका गुप्त खोलीत दडवलं होतं, आणि श्रेय न मिळण्याचा हाच राग घेऊन चार प्रोग्रामर 1979 मध्ये बाहेर पडले आणि अ‍ॅक्टिव्हिजन ही खेळ बनवणारी कंपनी उभी राहिली. 4 केबीत जिथे एकेक बाइट मोजून वापरला जात होता तिथे कुणी आपल्या नावासाठी जागा राखतो, हे मला न्याय्य वाटतं.

खेळ 1982 मध्ये आला, सोबत कथा सांगणारं एक छोटं कॉमिक होतं, आणि अटारीने व्हीसीएससाठी काढलेल्या स्वतंत्र, म्हणजे कुठल्याही आर्केडवरून न घेतलेल्या खेळांत तो सगळ्यात जास्त विकला गेला असं मानलं जातं. त्याच वर्षी वॉरशॉ यांना ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ करायला सुमारे पाच आठवडे मिळाले. तो खेळ कसा आपटला, आणि न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरलेली कार्ट्रिजेस 2014 मध्ये कशी उकरली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांची आठवण त्या खेळावरून काढली जाते याचं मला वाईट वाटतं. ‘यार्स रिव्हेंज’ला जो वेळ मिळाला होता तो त्याला मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नव्वदच्या दशकात आपल्यापैकी बहुतेकांनी जे कार्ट्रिजवाले ‘टीव्ही गेम’ पाहिले, मारिओ आणि काँट्रावाले, ते निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या धर्तीचे होते. फॅमिकॉम 1983 ची. तिचा प्रोसेसरही 6502 च्याच कुळातला, पण चित्रासाठी वेगळी चिप, वेगळी मेमरी, आणि एका वेळी 64 स्प्राइट (चिपने काढलेल्या हलत्या वस्तू). तिथे आकाश मागे सरकवणं, शत्रूंचे थवे सोडणं हे चिपच करून देते. त्या खेळांच्या सवयीने 2600 चा खेळ पाहिला तर तो ओबडधोबड वाटतो. दोन्हींमध्ये फक्त सहा वर्षांचं अंतर आहे, पण काम करण्याची रीत संपूर्ण वेगळी आहे, त्यामुळे एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. एम्बेडेड शिकणाऱ्याने यातून काय घ्यावं? एखादी युक्ती उचलून आपल्या प्रकल्पात घालण्याचा विचार सोडा. आज कोडचे बाइट्स पडद्यावर टाकायची गरज तुम्हाला पडणार नाही. क्रम उचला. वॉरशॉ यांनी आधी यंत्राची यादी पाहिली, मग खेळ त्या यादीभोवती बांधला. मी पाहतो ते बहुतेक नवे अभियंते उलट करतात. वैशिष्ट्यांची यादी आधी, मग डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक), आणि टायमर कमी पडला की चिप बदलूया. कामाला बसण्याआधी चिपमध्ये कोणते टायमर, कोणते कंपॅरेटर, कोणतं डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवणारी सोय) फुकट पडून आहे ते लिहून काढा आणि त्यातलं प्रत्येक तुमच्या समस्येतलं काय उचलू शकेल ते शेजारी लिहा. दुसरी गोष्ट, कुठली माहिती लक्षात ठेवायला हवी आणि कुठली नको हे वेगळं करा. ढालीला रॅम लागली, पट्ट्याला लागली नाही. एका सेन्सर प्रकल्पात मी हाच प्रश्न विचारला तेव्हा जपून ठेवलेल्या नोंदींचा मोठा भाग कुणीच वाचत नाही असं निघालं, आणि सरासरी व टोकाच्या दोन किमती एवढ्यावर काम भागलं.

हात लावून शिकायचं असेल तर स्टेला हा एम्युलेटर घ्या, डॅझम हा असेंब्लर (असेंब्लीचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम) घ्या, दोन्ही फुकट आहेत. पहिल्यांदा स्टेलात ‘यार्स रिव्हेंज’ चालू करून ऑल्ट धरा आणि झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन या कळा एकेक करून दाबा. टीआयएच्या सहा वस्तू एकेक करून बंद-चालू होतात. कोण कशाचा बनलाय ते डोळ्यांनी दिसेल. एन दाबलंत की ढाल आणि पट्टा एकदम जातील. मग डीबगर उघडून एकेक ओळ पुढे सरकवा आणि ठोके कुठे खर्च होतात ते मोजा.

त्यानंतर स्वतः लिहा. पहिला प्रोग्राम फक्त एवढाच: 262 ओळींचं स्थिर चित्र, दर ओळीला पार्श्वभूमीचा रंग बदललेला. हे जमलं म्हणजे किरणाशी तुमचं घड्याळ जुळलं. दुसऱ्या प्रोग्रामात त्या रंगाऐवजी तुमच्याच कोडचा पत्ता धरून तिथले बाइट्स प्लेफील्डच्या मधल्या रजिस्टरात टाका, आणि दर चित्रात सुरुवातीचा पत्ता एकाने पुढे न्या. दहा-बारा आज्ञांत तुमचा स्वतःचा पट्टा तयार होतो. मग एखादी आज्ञा बदला आणि पट्ट्याची वीण कशी बदलते ते पाहा.

राहिली ‘स्टार कॅसल’ची गोष्ट. तीस वर्षांनी एका हौशी प्रोग्रामरने ती व्हीसीएसवर आणून दाखवली, फिरती कडी आणि सगळं. त्यासाठी त्याने 8 केबीचा रॉम घेतला, आणि मधल्या तीन दशकांत शेकडो लोकांनी या चिपचा कोपरान् कोपरा तपासून जमवलेलं ज्ञान त्याच्या हाताशी होतं. मी ती चालताना पाहिली आहे आणि ते काम थक्क करणारं आहे. 1981 मध्ये 4 केबी घेऊन पहिल्याच खेळाला बसलेल्या माणसाने मात्र नकार दिला ते योग्यच होतं, आणि व्हीसीएसवर मला पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो तो त्या नकारातून आलेला खेळ.